पोर्चमध्ये उभी राहून जुनी झालेली गाडी: घरच्या घरी देखभाल आणि दुरुस्ती

आमच्या अप्पांनी २००६ साली घेतलेली होंडा सिटी झेडएक्स अजून इंदूरच्या घरी, लोकमान्य नगरातल्या पोर्चमध्ये उभी आहे. मीटरवर ३४ हजार किलोमीटर. अप्पा ती काढायचे ती ठरलेल्या कामांना: उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला, लग्नसराईत कुणाला स्टेशनवरून आणायला, आणि रविवारी सकाळी राजवाड्यापर्यंत. मग त्यांचं आजारपण आलं आणि गाडी १४ महिने जागची हलली नाही. ते गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "विकू नकोस रे. उज्जैनला तीच न्यायची मला."

मीटर बघून जो तो म्हणायचा, "अरे, ही तर नवीच आहे!" मलाही ते खरं वाटलं. बॅटरी बदलली, सेल्फ मारला, गाडी चालू झाली. आईला शेजारी बसवलं, निघालो, आणि गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबल्याबरोबर गाडी डावीकडे ओढली गेली. वेग कमी होता म्हणून निभावलं. गाडी तिथूनच माघारी आणली आणि पुढचे पाच रविवार तिच्याखाली घालवले. काय करायला हवं होतं आणि कोणत्या क्रमाने, ते इथे लिहितो आहे, कारण आपल्याकडे कितीतरी घरांत अशी एक गाडी आहे. वडिलांची, सासऱ्यांची, परदेशी गेलेल्या मुलाची.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. क्लच, पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग या गोष्टी किलोमीटरने झिजतात. रबर, ब्रेक ऑईल, कूलंट, पेट्रोल, बॅटरी आणि टायर कॅलेंडरने म्हातारे होतात. गाडी चालो वा न चालो. सर्व्हिसच्या पुस्तकात "१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते" असं लिहिलेलं असतं. कमी चालणाऱ्या गाडीचा मालक त्यातला पहिला अर्धा भागच वाचतो. ३४ हजार चाललेली २० वर्षांची गाडी ही २० वर्षांचीच गाडी असते.

हत्यारं आणि जागा

गोटी पान्यांचा बऱ्यापैकी सेट, रिंग पाने, प्लग पाना, पक्कड, फीलर गेज, साधा मल्टीमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचं मीटर), तारेचा ब्रश, टॉर्च. एवढ्यात बहुतेक कामं होतात. दोन गोष्टींत मात्र काटकसर करू नका: टॉर्क रेंच (नट किती घट्ट झाला ते दाखवणारा पाना) आणि जॅक स्टँडची जोडी (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी पाय). डिकीतला जॅक हा स्टेपनी लावण्यापुरता असतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. विटांवरही गाडी ठेवायची नाही. वीट दिसायला भक्कम असते पण वजन एका टोकावर आलं की तडकन फुटते. सपाट, पक्क्या फरशीवरच काम करा. आपल्या मालव्याची काळी माती उन्हात दगडासारखी वाटते आणि एका पावसात जॅक गिळते.

मालकाचं मॅन्युअल शोधून काढा. बहुधा ग्लव्ह बॉक्समध्येच, पावत्यांच्या खाली सापडेल. तेलाचा ग्रेड, किती लिटर, कुठला नट किती घट्ट, हे त्यातलं प्रमाण. शेजारच्या अनुभवी माणसाचं त्यानंतर.

सेल्फ मारण्याआधी

चावी लावायची घाई करू नका. पहिला अर्धा तास नुसतं बघण्यात घालवा.

बोनेट उघडा आणि आधी वास घ्या. उंदराच्या लघवीचा उग्र वास आला तर समजा की पाहुणे राहून गेलेत. इंदूर २०१७ पासून देशात स्वच्छतेत पहिलं येतंय, पण पावसाळ्यात उंदराला कोरडी, बंद जागा हवीच असते आणि उभी गाडी त्याला बंगल्यासारखी वाटते. आमच्या एअर फिल्टरचा डबा उघडला तेव्हा आत ओंजळभर कापूस निघाला. बोनेटच्या आतल्या बाजूच्या गादीतून कुरतडून आणलेला, नीट गोल वळलेला, मध्ये शेंगदाण्याची टरफलं आणि एका लग्नपत्रिकेचे लाल-सोनेरी तुकडे. फिल्टरच्या कागदाला रुपयाएवढं भोक होतं. तशीच गाडी आणखी चालवली असती तर तो सगळा कचरा इंजिनाने ओढून घेतला असता. म्हणून एअर फिल्टर सेल्फच्या आधी उघडायचा, नंतर नाही.

मग वायरी. प्रत्येक वायरचा गठ्ठा टॉर्चच्या उजेडात बोटांनी चाचपत जा. कुरतडलेली वायर दिसली तर नुसती चिकटपट्टी गुंडाळून भागवू नका. खराब भाग कापा, त्याच जाडीच्या वायरचा तुकडा डाग देऊन (सोल्डर करून) जोडा आणि वर गरम करून आवळणारी नळी चढवा. पेट्रोलच्या नळीवर दातांची एक खूण जरी दिसली तरी ती नळी बदलल्याशिवाय गाडी चालू करायची नाही.

खाली वाकून फरशीवरचे डाग बघा. काळा डाग इंजिन ऑईलचा. हिरवा, निळा किंवा लाल, बोटाला बुळबुळीत लागणारा डाग कूलंटचा. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट ओलावा असेल तर बहुधा ब्रेक ऑईल.

बॅटरी

बॅटरीचं काम लहान, त्यामुळे थोडक्यात सांगतो. गाडी रात्रभर बंद असताना मल्टीमीटरने व्होल्ट मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्जर लावा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवेत. त्याहून कमी आले तर बॅटरीला दोष देण्याआधी बेल्ट आणि अल्टरनेटर तपासा. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. नवी बॅटरीही दर महिन्याला उतरत असेल तर गाडीत कुठेतरी करंट चोरीला जातो आहे. निगेटिव्हची वायर काढून मध्ये मीटर लावा, सगळं बंद करून थोडा वेळ थांबा. ५० मिलिअँपिअरच्या वर आकडा राहिला तर एकेक फ्यूज काढत जा. जो काढल्यावर आकडा पडतो, तिथे चोर आहे.

टाकीतलं जुनं पेट्रोल

याबद्दल घरांमध्ये फार कमी बोललं जातं, म्हणून जरा थांबून लिहितो. २०२२ च्या मध्यापर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल आलं होतं आणि २०२५ मध्ये ते २० टक्क्यांवर गेलं. २००६ ची गाडी त्या मिश्रणासाठी बनलेली नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीत टाकी रिकामी होऊन भरत राहते, त्यामुळे पाणी साचायला वेळ मिळत नाही. उभ्या गाडीत, विशेषतः पाव टाकी पेट्रोल आणि वर पाऊण टाकी हवा असेल तर, पावसाळाभर ती हवा ओलावा आणत राहते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं. पंप नेमका तळातूनच ओढतो. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, चिरतात.

म्हणून गाडी दोन-तीन महिने उभी असेल तर टाकीत ताजं पेट्रोल भरून मिसळा आणि लांबच्या फेरीत संपवा. वर्षभर उभी असेल तर जुनं पेट्रोल काढूनच टाकायचं. हे काम घरी करू नका. सिटीची टाकी पुढच्या सीटखाली असते आणि बंद पोर्चमध्ये पेट्रोलची वाफ साठली तर एक ठिणगी पुरे. माहितगार मेकॅनिकला बोलवा आणि काम मोकळ्या जागेत होऊ द्या. आमच्या टाकीतून निघालेलं पेट्रोल चहासारखं तपकिरी होतं आणि त्याला वॉर्निशचा वास येत होता. त्याच वेळी पेट्रोलचा फिल्टर आणि इंजिनजवळच्या रबरी नळ्या बदलून घ्या. नवी नळी इथेनॉलला टिकणारी आहे ना, हे विचारून घ्या.

पुढची सवय साधी आहे: उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी पावसाळ्यात भरलेली ठेवा, आणि भरलेलं पेट्रोल दोन-तीन महिन्यांत संपेल एवढी गाडी चालवा.

इंजिन ऑईल आणि पहिला सेल्फ

"ऑईल तर सोन्यासारखं आहे, कशाला बदलायचं?" असं अप्पाही म्हणायचे. रंगावर जाऊ नका. घर ते राजवाडा अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही. जळण्यातून तयार झालेलं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं, आणि तापमान चढलं नाही की तिथेच राहतं. त्यातून आम्ल तयार होतं आणि ते आतून बेअरिंगना खातं. ऑईल टाकायच्या झाकणाच्या आत पिवळसर, मलईसारखा थर दिसला तर तो याच पाण्याचा असतो. मात्र डिपस्टिकवरही तसंच दुधाळ ऑईल असेल तर कूलंट आत शिरत असण्याची शक्यता आहे. मग चालू न करता मेकॅनिकला दाखवा.

एरवी ऑईल कोमट इंजिनात काढतात, म्हणजे ते पातळ होऊन घाण घेऊन निघतं. वर्षभर उभ्या गाडीत मात्र मी थंडच काढलं, कारण ते आम्लाचं ऑईल पुन्हा इंजिनात फिरवायचं नव्हतं. सिटीच्या ड्रेन बोल्टला १७ चा पाना लागतो. बोल्टखालचा ॲल्युमिनियमचा वॉशर दर वेळी नवा घाला; जुना दबून गेलेला असतो आणि मग गळती थांबवायला माणूस बोल्ट आवळत बसतो. तेलाचं भांडं ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर २० रुपयांच्या वॉशरपायी हजारोंचं काम निघतं. टॉर्क रेंचवर साधारण ४० न्यूटन मीटर, तेवढंच. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटाने ताजं ऑईल लावा, जुना कडा इंजिनाला चिकटून राहिला नाही ना ते बोट फिरवून बघा, आणि फिल्टर हातानेच घट्ट करा. निघालेलं ऑईल डब्यात बंद करून गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात द्या. नाल्यात ओतू नका.

आता पहिला सेल्फ. पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, म्हणजे इंजिन पेटणार नाही. पाच-सहा सेकंद सेल्फ मारा, अर्धा मिनिट थांबा, असं दोन-तीनदा करा. यामुळे वरच्या कोरड्या भागांपर्यंत ऑईल पोचतं. मग फ्यूज लावा आणि चालू करा. ऑईलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. रेस करू नका.

ब्रेक: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आमची गाडी डावीकडे का ओढली गेली ते इथे कळलं. कॅलिपर म्हणजे चाकाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा चिमटा. पुढच्या उजव्या कॅलिपरच्या सरकणाऱ्या पिना गंजून जाम झाल्या होत्या, त्यामुळे डावं चाक धरत होतं आणि उजवं जेमतेम.

पुढचं चाक काढा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग उचलायची, मग स्टँडवर टेकवायची. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडकण. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की कॅलिपर वर उचलला जातो. तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत सोडू नका, तारेने बांधून ठेवा. डिस्क पॅडचा मसाला (डिस्कवर घासणारा थर) ३ मिलिमीटरवर आला असेल तर दोन्ही चाकांचे पॅड एकदम बदला. कमी चाललेल्या गाडीत पॅड जाड असतात पण उन्हाने आणि वयाने काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात. तडे दिसले किंवा मसाला पत्र्यापासून सुटत असेल तर जाडी कितीही असो, ते बाद.

पिना ओढून काढा, पुसा. खड्डे पडले असतील तर नव्या घ्या, स्वस्त मिळतात. नुसता गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस अजिबात नको, त्याने रबर फुगतं आणि पिना पुन्हा जाम होतात. पिन आत-बाहेर दोन बोटांनी सरकली पाहिजे.

मागच्या चाकांना ड्रम ब्रेक: फिरत्या ड्रमवर आतून लायनर दाबले जातात. हँडब्रेक सोडा, तरी ड्रम निघाला नाही तर हातोड्याने बेदम ठोकू नका. ड्रमच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं दिसतील. त्यांत ८ मिलिमीटरचे दोन बोल्ट घाला आणि आळीपाळीने अर्धा-अर्धा वेढा आवळत जा. बोल्ट मागच्या हबवर टेकतात आणि ड्रमला बाहेर ढकलतात. आमच्याकडे तिसऱ्या फेरीला "खट्" असा आवाज झाला, आई आतून बाहेर आली, आणि ड्रम माझ्या मांडीवर आला. हँडब्रेक ओढूनच गाडी दोन पावसाळे उभी होती. लायनर ड्रमला चिकटले होते आणि नेमक्या तेवढ्याच जागी ड्रमवर लायनरच्या आकाराचा गंजाचा ठसा उमटला होता. लायनरचा मसाला एका टोकाला पत्र्यापासून उचलला गेला होता, नखाने निघावा इतका.

आतली भुकटी तोंडाने किंवा हवेने फुंकू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. पाणी शिंपडून किंवा ब्रेक क्लीनरने ओली करा आणि फडक्याने टिपून फडकं फेकून द्या. व्हील सिलिंडरची (लायनर ढकलणाऱ्या छोट्या नळकांड्याची) रबरी टोपी हळूच उचलून बघा. आत ओलं दिसलं तर सील गेलं. सिलिंडर बदला, दोन्ही बाजूंचे. लायनर काढण्याआधी स्प्रिंगांचा फोटो काढा, आणि एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू तुमचा नकाशा आहे.

मग ब्रेक ऑईल. तेही इथेनॉलसारखंच हवेतलं पाणी पितं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑईल किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी प्यालेलं १४० ला. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५. मानपूरचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबत राहिलात तर ते तापमान येऊ शकतं, आणि उकळलेल्या ऑईलमध्ये वाफ असली की पेडल थेट खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी सगळं बदला. एका माणसाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाजवळचं निपल (ऑईल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू, त्याला नळी लावायची) उघडून बंद करायचं, नळीतून बुडबुडे यायचे थांबून स्वच्छ ऑईल येईपर्यंत. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. वरची डबी मध्येच रिकामी होऊ देऊ नका.

एक गोष्ट मला चूक करून शिकावी लागली. जुन्या गाडीत हे करताना पेडल जमिनीपर्यंत दाबायचं नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडलने चालणाऱ्या ब्रेकच्या मुख्य पंपाचा, पिस्टन थोडाच पुढे जातो. पुढचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला, गंजलेला असतो. पेडल पूर्ण दाबलं की रबरी सील त्या गंजावरून घासतं आणि फाटतं. आमचं फाटलं. ब्रेक बदलून झाले आणि दुसऱ्या दिवशी पेडल हळूहळू बुडायला लागलं; नवा मास्टर सिलिंडर घ्यावा लागला. पेडलखाली दोन इंचांची लाकडी फळी ठेवली असती तर ते टळलं असतं.

ब्रेक ऑईल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग खातं. उघडलेल्या बाटलीतलं उरलेलं पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. चाकाचे नट चांदणीच्या क्रमाने, समोरासमोर, १०८ न्यूटन मीटरला आवळा, आणि ५० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा तपासा.

टायर

आमच्या टायरांची नक्षी जवळजवळ नवी होती, आणि तरीही चारही टायर बदलले. टायरच्या कडेला DOT ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कायद्याला नक्षी १.६ मिलिमीटर लागते, पण रबराचं वय नक्षी सांगत नाही. पाच-सहा वर्षांनंतर दर वर्षी बारकाईने बघा. कडेला केसासारख्या भेगा दिसल्या की बदला, आणि दहा वर्षांच्या पुढे तर दिसायला कितीही चांगला असो, ठेवू नका. स्टेपनीची तारीखही वाचा. आमची स्टेपनी गाडीबरोबर आलेली, २००६ ची होती.

कूलंट

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. हे लहानपणापासून ऐकलेलं असलं तरी पुन्हा सांगतो. कूलंटमधली गंजरोधक रसायनं वर्षांनी संपतात आणि मग ते आतून ॲल्युमिनियम खायला लागतं. जुनं काढताना ते उघड्या परातीत ठेवू नका. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं पितात आणि मरतात. नवं पातळ करायचं तर फक्त डिस्टिल्ड वॉटरने. आमच्या कॉलनीतल्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की बादलीला पांढरी रेघ पडते. तेच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. नळाला येणारं नर्मदेचं पाणी प्यायला उत्तम, रेडिएटरला तेही नको. आधीच मिसळलेलं कूलंट घेतलं असेल तर त्यात काहीच घालू नका, आणि दोन जातींचं कूलंट एकत्र करू नका. भरल्यावर झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू करा, पंखा दोनदा लागेपर्यंत थांबा. हवा बुडबुड्यांनी निघून जाते आणि पातळी खाली जाते. तेवढं वर भरा.

आठ प्लग

सिटी झेडएक्सच्या आय-डीएसआय इंजिनात चार सिलिंडर पण प्लग आठ आहेत, प्रत्येक सिलिंडरला दोन. पुढचे चार समोर दिसतात. मागच्या चारपर्यंत पोचायला वायपर आणि त्याखालचं प्लास्टिकचं आवरण काढावं लागतं. आमच्या गाडीला एकदा "सगळे प्लग बदलले" असं बिल मिळालं होतं. मागचे काढले तेव्हा ते पहिल्या दिवसापासूनचे निघाले, आणि एकाचं टोक जवळजवळ झिजून गोल झालं होतं. गाडी चढावर मिसिंग का करायची ते तेव्हा कळलं. म्हणून प्लग बदलून घेताना जुने मोजून परत मागा. घरी करायचं तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, खाचेतली धूळ आधी उडवा, नवा प्लग हातानेच पहिले काही वेढे फिरवा, आणि मगच पाना लावा.

रबर आणि बेल्ट

लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, इंजिन माउंटिंग, जॉइंटचे बूट (सांध्यांवरची रबरी आवरणं), सायलेन्सरची रबरं: टॉर्च घेऊन एकेक बघा, बोटाने दाबा. चिरलेला बूट वेळेवर बदलला तर स्वस्तात काम होतं; धूळ आत गेली की पूर्ण जॉइंट जातो. फॅन बेल्टच्या खोबणीत आडव्या भेगा दिसल्या तर बदला.

टायमिंगला, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला, आपल्या गाडीत साखळी आहे की बेल्ट ते मात्र माहीत हवं. या पिढीच्या सिटीत आणि मारुती एसएक्स४ मध्ये साखळी आहे, तिला वयाची मुदत नाही. वेळेवर ऑईल बदललं म्हणजे पुरे. मारुती एस्टीम, पेट्रोल ह्युंदाई ॲक्सेंट आणि १९९८ ची पहिली सिटी यांत रबरी टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याची पावती नसेल तर तो जुनाच आहे असं धरून चाला आणि लांबच्या प्रवासाआधी बदलून घ्या. मार्क जुळवण्याचा अनुभव नसेल तर हे घरचं काम नाही.

एसीचा गॅस भरणंही घरचं नाही. तुम्ही एवढंच करा: हिवाळ्यातसुद्धा आठवड्यातून दहा मिनिटं एसी लावा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सीलला ऑईल मिळत राहतं.

एअरबॅग असेल तर तिला हात लावू नका, पण चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून जरूर बघा. त्या काळातल्या अनेक कंपन्यांच्या गाड्यांत टकाटा कंपनीचे इन्फ्लेटर होते. त्यातलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने बिघडतं आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे उडू शकतात. जगभर कोट्यवधी गाड्या त्यासाठी परत बोलावल्या गेल्या. बदलून देतात ते फुकट.

कागद

खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षं चालतं, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. इंदूरकरांना त्यासाठी नायता मुंडल्याच्या आरटीओत गाडी दाखवायला न्यावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून कारची ही फी ५,००० रुपये आहे, आणि २० वर्षांपुढे त्याहून जास्त. विमा आणि पीयूसी चालू हवेत. ही कामं ब्रेक आणि टायर झाल्यावरच काढा. तपासणीला जाताना वाटेत ब्रेक दाबूनही गाडी थांबणार नसेल तर काय उपयोग.

पहिली फेरी आणि पुढचे आठवडे

पहिल्या दिवशी लांब जाऊ नका. आधी पहाटेच्या मोकळ्या गल्लीत २० च्या वेगाने ब्रेक दाबून बघा, स्टिअरिंगवर हात हलका ठेवून. मग बायपासवर ६० पर्यंत. आवाज, कंप, तापमानाचा दिवा, सगळीकडे लक्ष ठेवा, रेडिओ बंद. मग महूपर्यंत जाऊन या. जाऊन-येऊन चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, इंजिन आणि ऑईल पुरतं तापायला तेवढं अंतर चांगलं आहे. यापुढे दर आठवड्याला एक अशी फेरी ठेवा, निदान अर्ध्या तासाची. पोर्चमध्येच दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करण्याने भलं होत नाही. ऑईलमधलं आणि सायलेन्सरमधलं पाणी वाढतं फक्त.

फेरीनंतर गाडी सावलीत लावा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हाताचा तळवा न्या, स्पर्श न करता. पुढची दोन सारखी तापलेली हवीत, मागची दोन सारखी. एखादंच चाक भाजेल इतकं गरम असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. ते चाक पुन्हा उघडा. सगळं सारखं वाटलं तर गाडी पोर्चमध्ये घ्या, पहिल्या गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकाला लाकडाचा ठोकळा लावा, आणि पावसाळाभर हँडब्रेक ओढू नका.